गोणपाटाचा म्हातारा

मंडळी, आज माझा नुसता जळफळाट झालाय. इथेच ओकून टाकतो.

आम्ही नाटकासाठी सेट, कपडे, बाहुल्या बनवायला शिकतो. आज देवासच्या वर्गात प्रत्येकाने आपली बाहुली चालवून दाखवायची होती. महिनाभर खपून मी राजा केला होता. बोटांना सांधे, मिटणाऱ्या पापण्या, जरीचा अंगरखा.

धारच्या नेहाने आणला गोणपाटाचा म्हातारा. त्याला ना डोळे, ना तोंड. मला वाटलं, ही तर गेली.

माझ्या राजाने मान हलवली, पापण्या मिटल्या. सर म्हणाले, "काम एकदम साफ आहे." बस, एवढंच.

नेहाने म्हाताऱ्याला आधी नुसता श्वास घ्यायला लावला. छाती वर, छाती खाली. मग तो थकल्यासारखा चालत थेट माझ्याकडे आला आणि त्याने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

मी सरकून जागा केली. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "बसा काका."

कुणीही हसलं नाही. म्हाताऱ्याच्या मागून नेहा हळूच म्हणाली, "थँक्यू भिया." आमच्याकडे भावाला भिया म्हणतात.

तुमच्यावरही कधी अशी वेळ आलीय का?

घरी आल्यापासून राजा खुंटीला लटकतोय. त्याला अजून कुणी "बसा" म्हटलेलं नाही. मीसुद्धा नाही.