शरयू व्यासपीठावरून उतरली तेव्हा

"काकू, शरयूताई रिक्षातच कोसळल्या..." खालच्या मजल्यावरची वैशाली दारात उभी राहून एवढंच म्हणाली आणि मी तिच्यावरच चिडले. काहीतरीच काय बोलतेस! सकाळीच शरयू माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चहा पिऊन गेली होती. "भाईंदरहून कोलंबी आणते, तू भात लाव," म्हणाली होती. गॅसवर कुकर होता, शिट्टी व्हायची होती... आणि माणूस संपलं होतं. महिना उलटून गेला, तरी वैशालीचं ते वाक्य माझ्या डोक्यात शिरत नाही.

तुम्ही तिला कादंबरीकार म्हणून ओळखता. माझ्यासाठी ती शांती नगरातल्या आमच्या मजल्यावरची, समोरच्या दारातली शेजारीण. नवरा गेल्यावर गिरगावातली खोली सोडून ती मीरा रोडला आली, तेव्हा इथे पाण्याचा टँकर यायचा. पुरस्कार मिळालेली ही बाई आमच्याबरोबर बादली घेऊन रांगेत उभी राहायची आणि कुणी मध्ये घुसलं तर आमच्यापेक्षा मोठ्याने भांडायची.

कुवेतमध्ये युद्ध पेटलं त्या वर्षी आमच्या वाचक मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. व्यासपीठावर शरयू आणि भास्करराव, म्हणजे कादंबरीलेखनातलं त्या काळातलं फार मोठं नाव. विषय होता, जग पेटलेलं असताना लेखकाने काय करावं. हॉल खच्चून भरला होता. भास्करराव बोलू लागले की ऐकतच राहावं... तेल, महासत्ता, त्यावर कादंबरी कशी लिहावी. शरयूही रंगात आली होती, त्यांचा एकेक मुद्दा खोडून काढत होती. टाळ्या पडत होत्या. तेवढ्यात मधल्या रांगेतून एक बाई उठली. नया नगरची झुबेदा. तिची मुलगी त्याच शाळेत होती.

"मेरे शौहर कुवैत में हैं," ती म्हणाली. "कोई खबर नहीं. आप लोग इतना सब जानते हैं... बताइए ना, वो ज़िंदा हैं क्या?"

भास्कररावांनी घसा खाकरला आणि सरकार प्रयत्न करतंय, असं काहीतरी सुरू केलं. शरयूने माइक खाली ठेवला, पायऱ्या उतरली आणि झुबेदाच्या शेजारी जाऊन बसली.

"मुझे नहीं मालूम, बहन," ती म्हणाली. "नाम क्या है उनका?"

ती परत वर गेलीच नाही. भास्करराव एकटेच व्यासपीठावर. आम्हा संयोजकांना कार्यक्रम घाईघाईने आटोपता घ्यावा लागला. जाताना ते मला म्हणाले, "बाई, हे साहित्य नव्हे, नाटक झालं." पुढे तसं छापूनही आणलं त्यांनी. शरयूने उत्तर दिलं नाही. झुबेदाला घेऊन ती मुंबईतल्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होती. हातातली कादंबरी अर्धी राहिली. प्रकाशकाचे फोन आमच्याकडे यायचे. "सांग, मी बाहेर गेलेय," ती म्हणायची, आणि खरंच बाहेर असायची.

एके दिवशी झुबेदाचा नवरा, रशीदभाई, विमानतळावरून तिच्याबरोबर थेट आमच्या जिन्यात येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, हातात एक पिशवी. झुबेदा पायरीवर बसून मोठ्याने रडली. शरयू आत गेली, दार लावून घेतलं आणि रडली... बंद दारातून मला ऐकू येत होतं. ती कादंबरी तिने पुन्हा हातात घेतली नाही. "त्यातली माणसं खोटी वाटतात गं आता," म्हणाली. मला फार वाईट वाटलं होतं. अजूनही वाटतं.

तिला खांदा द्यायला रशीदभाई सगळ्यांत पुढे होते. शोकसभेला भास्करराव आले. थकलेत आता. माइकपाशी उभे राहिले. "माझं चुकलं होतं," एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

तिच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. संध्याकाळी झाडांना पाणी घालायला जाते. तिच्या पलंगाशेजारी रेडिओ आहे. बातम्यांत कुठल्याही देशाचं नाव आलं, भूकंप असो की गोळीबार, की ती हातातलं काम थांबवून विचारायची, "तिथे कुणाचं कोण असेल गं?" परवा मी रेडिओ लावला. निवेदिकेने कुठल्याशा लांबच्या शहराचं नाव घेतलं. मी पाण्याचा तांब्या हातात धरून तशीच उभी राहिले, तिच्या प्रश्नाची वाट बघत... पुढची बातमी सुरू झाली.