चुन्याची कविता आणि आत्याचा धुरा

माझी लेक पुण्याला चिनी भाषा शिकते. माझ्या माहेरी, शेंदूरजनाघाटात, हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, नोकरी कुठं लागते म्हणून. मला त्याचं उत्तर ठाऊक नाही, त्यामुळे मी चहा टाकायला उठते.

मागच्या उन्हाळ्यात ती आली ती एक जुनी चिनी कविता घेऊन. आणि कविता कशावर, तर चुन्यावर. चुनखडी भट्टीत जळते पण आपला पांढरेपणा सोडत नाही, सचोटीच्या माणसानं तसं असावं, असा काहीसा अर्थ. तिला ती मराठीत आणायची होती, आणि बाईसाहेबांनी जन्मात पानालाही कधी चुना लावलेला नाही. म्हटलं, इथं अमरावतीत कूलरपुढे बसून तुझं काही जमायचं नाही, चल आबाजीकडे.

तिचे आबाजी म्हणजे माझे बाबा. पावसाळ्याआधी संत्र्याच्या बुंध्यांना मोरचूद-चुन्याचा लेप लावतात, त्याचीच त्यांची तयारी चालली होती. कळीच्या चुन्यावर त्यांनी पाणी ओतलं, फसफसून वाफ निघाली. पोरगी मोबाईल धरून वाकली, तसं बाबांनी दंडाला धरून तिला मागं ओढलं. मग खाटेवर बसून तिनं कविता वाचली, आधी चिनीत, मग मोडक्यातोडक्या मराठीत. बाबांनी डोळे मिटून ऐकली. कविता चांगली आहे म्हणाले, पण चुन्याच्या जवळ जो उभा राहतो त्याचं काय होतं, ते काही लिहिलं नाही त्यानं.

लेक म्हणाली, आबाजी, ही कविता तुमचीच आहे. आता यात खोटं काय होतं? माझ्या लग्नात या माणसानं भर मांडवात माझ्या सासऱ्यांना सांगितलं होतं, की पोरीला स्वयंपाक येत नाही आणि तोंडानंही फटकळ आहे. दोन्ही खरं, पण मांडवात सांगायचं का? घरात असा एक हरिश्चंद्र असला की बाकीच्यांचा जन्म सारवासारव करण्यात जातो. माय बिचारी त्यातच म्हातारी झाली. पण त्या दिवशी बाबा काही खुलले नाहीत.

"माह्यावर नको लावू ते," एवढं म्हणून ते उठून गेले.

का, ते दोन दिवसांनी कळलं. बाबांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, याच गावात दिलेली. तिचा नवरा फार लवकर गेला, तेव्हा तिच्या वावरात संत्र्याची बाग बाबांनी स्वतः खड्डे खोदून उभी केली. शेजारचं वावर वर्षानुवर्षं पडीत होतं, मालक अकोल्याला नोकरीत. तो आता रिटायर होऊन परतला आणि म्हणायला लागला, की तुमची कडेची रांग माझ्या वावरात आहे. आमच्याकडे हातभर धुऱ्यापायी, म्हणजे शेताच्या बांधापायी, सख्खे भाऊ एकमेकांच्या मयतीला जात नाहीत, मग हा तर परका. कोर्टाची भाषा सुरू झाली. तेव्हा आत्याच म्हणाली, झाडं माझ्या भावानं लावली, त्यालाच विचारा. शेजाऱ्यानंही ते कबूल केलं. बाबांच्या शब्दाला गावात तेवढी पत होती.

सकाळी सगळे बागेत जमले. आंबिया बहाराची हिरवी फळं त्या रांगेवर लगडली होती. आत्याच्या मुलांनी मला बाजूला घेतलं. ताई, फक्त रांगेपलीकडच्या त्या बाभळीपर्यंत आपलं, एवढंच म्हणायला सांग त्यांना. मी गेलेही सांगायला. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं परत फिरले.

ते बोलले तेव्हा आवाज अगदी खाली होता. झाडं लावली तेव्हा सगळेच बाभळीला धुरा समजत होते. पुढं एका पावसाळ्यात नाल्याला पूर आला, माती खरवडून गेली आणि धुऱ्याचा खरा दगड उघडा पडला. तो रांगेच्या अलीकडे, आत्याच्या बाजूला होता. म्हणजे ती रांग शेजाऱ्याचीच.

"मी पाह्यला तो दगड. पाह्यला अन् वरून माती लोटली," बाबा म्हणाले. "झाडाइले नुकतीच फळं धरली होती, अन् बहिणीच्या घरी दुसरं काही नोतं."

त्यांनी जागा दाखवली. कुदळ मारली, दगड निघाला.

आत्याचा थोरला गाडीला किक मारून निघून गेला. शेजारी बिचारा ओशाळला, या सालची फळं तुम्हीच तोडा म्हणाला. आत्यानं नुसतीच मान हलवली, नको म्हणून. ती त्या रांगेतून एकेका झाडाला हात लावत टोकापर्यंत गेली. बाबा जिथं होते तिथंच उभे राहिले. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि त्याच वेळी वाटत होतं की जाऊन त्यांना पोटाशी धरावं. माझं मेलं दोन्ही राहून गेलं.

दुपारी आत्यानं कोणालाच उपाशी जाऊ दिलं नाही. ताटं मांडली, बोलली मात्र कोणाशीच नाही. बाबा मान खाली घालून भाकर मोडत होते. माझी लेक शेवटी त्यांचीच नात, तिच्या पोटात काय राहणार? तिनं सरळ विचारलं, आत्याआजी, तुला आबाजींचा राग नाही आला?

आत्यानं थापलेली भाकर तव्यावर टाकली.

"राग तं आलाच. झाडं गेली माही." मग बाबांकडे न पाहता म्हणाली, "पन खोटं बोलनारे भाऊ मले अजून दोन आहेत. मी त्याइले बलावलं का?"

आत्यानं तव्यावरची गरम भाकर उचलून त्यांच्या ताटात टाकली आणि म्हणाली, "जेव आता."