आर्टिचोकच्या बाटलीतलं केळफूल

ती केस आठवली की मला आजही हसू येतं. लगेच तक्रारदार बाईंचा चेहरा डोळ्यांपुढे येतो आणि ते आवरावं लागतं.

तेव्हा मी वसई भागातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. माणिकपूरला राहणाऱ्या या बाई सकाळीच पिशवीत बाटल्या घेऊन आल्या. वर छापलं होतं, ‘शुद्ध आर्टिचोक अर्क, कोलेस्टेरॉल आणि लठ्ठपणावर रामबाण’. त्यापायी त्यांच्या यजमानांनी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या होत्या. छातीत कळ येऊन ते सरकारी दवाखान्यात दाखल झाले, तरी तिथेही गोळीला तोंड उघडत नव्हते.

“माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचंही नाही. यात काय आहे ते शोधून द्या साहेब, नाहीतर माझा माणूस हातचा जाईल.”

बाई रडल्या नाहीत, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं.

यजमानांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आर्टिचोक ही परदेशी भाजी. तिच्या अर्काने कोलेस्टेरॉल थोडंफार उतरू शकतं, वजनाची मात्र खात्री नाही. चालू गोळ्यांची जागा तर तो मुळीच घेऊ शकत नाही.

खबऱ्याकडून विक्रेत्याचा पत्ता लागला. सकाळी लोक फिरायला येतात त्या बागेबाहेर तो टेबल मांडून बसायचा. मी साध्या कपड्यांत गेलो. गड्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. “सर, तुमच्या पोटाला डबल कोर्स लागेल.”

माझा पारा चढला. पंचनामा केला, नमुने सीलबंद करून प्रयोगशाळेकडे धाडले आणि त्याला ठाण्यात आणलं. पण अहवाल येईपर्यंत ते यजमान तग धरतील का, याचीच मला धास्ती होती.

चौकशीत स्वारी हटेना. म्हणे माल इटलीचा. “मी फार्मा लाईनचा माणूस, सर. स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलं नाही.”

“आर्टिचोक दिसतं कसं?”

“जांभळं. एकावर एक पाकळ्या. सोलत जायचं.”

माझी ट्यूब पेटली. हवालदाराने पापडी गावातल्या आपल्या वाडीतून माझ्या सौ.साठी केळफूल आणलं होतं. ते मागवलं, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि “तू बोल, मी भाजी निवडतो,” म्हणत फुलं ओरबाडायला लागलो. मुद्दाम, वाट्टेल तशी. इटली सांगता सांगता तो अडखळू लागला. शेवटी त्याला राहवेना.

“साहेब, आतला दांडा काढा ना. तो शिजत नाही.”

“कुठला दांडा?”

“सरका जरा. आधी तेल मागवा, चिकाने हात काळे होतात. आणि ताकाचं पानी पाहिजे, त्यात टाकायची.”

हवालदाराने खोबरेल दिलं. गड्याने ते हाताला चोळलं आणि भराभर फुलं निवडायला घेतली. अर्धं केळफूल झाल्यावर त्याचे हात थांबले. मग त्यानेच सगळं ओकून टाकलं. वटार गावातल्या घरच्या वाडीतली केळफुलं उकळायची, गाळायची, वरून हिरवा रंग.

कोठडीत टाकण्याआधी आरोपीची वैद्यकीय तपासणी करावी लागते. त्याला त्याच सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “रोजची काही औषधं?”

“कोलेस्टेरॉलची गोळी.”

मी कपाळावर हात मारला. “अरे, मग तुझा अर्क?”

“साहेब, माझ्या बापाला हार्ट अटॅक आलेला. मी रिस्क नाही घेत.”

तसाच त्याला वॉर्डात नेला. यजमान त्याला बघून खुलले. “आलात का? बाटली आणलीत?”

“डॉक्टरांना सांगितलंस ते यांना सांग,” मी म्हटलं.

त्याने मान खाली घालून सांगितलं, केळफुलापासून स्वतःच्या गोळीपर्यंत. यजमानांनी उशाशी बसलेल्या बायकोपुढे हात पसरला. “दे ती गोळी.”

बाई तेव्हा रडल्या.

या केसने मला एक शिकवलं. माणूस बायकोचं, डॉक्टरचं, पोलिसाचं ऐकणार नाही, पण ज्याने गंडवलं त्याच्यावर त्याचा पक्का भरवसा असतो. तेव्हा खरं काय ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यावं. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही. ती मात्र वॉर्डात टिकली.