बोटभर गारवा

गुरांच्या दवाखान्यातला तो माणूस मोपेडला द्रव नायट्रोजनचा जार बांधून म्हशी भरवायला गावोगाव हिंडायचा. रेड्याचं बीज त्यात गार राहायचं. जाता-जाता थर्मासभर नायट्रोजन माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ओतून द्यायचा. त्या नायट्रोजननं गारठलेल्या अतिवाहक पदार्थाच्या काळ्या वडीवर चुंबक अधांतरी तरंगायचं. अशा वस्तूच्या तारेतून वीज अजिबात गळत नाही, हे मी त्याला सांगितलं होतं.

“बाजारात कवा येनार ह्ये?” हा त्याचा ठरलेला प्रश्न.

“एवढा गारवा सगळीकडं पोचवता आला की.” हे माझं ठरलेलं उत्तर.

पुण्याचे कारखानदार प्रयोग बघायला आले, त्या दिवशी किती नायट्रोजन उरलाय ते बघायला त्यानं जारात पट्टी बुडवून काढली. तिच्यावर बर्फ जेमतेम बोटभर चढला. त्यानं झाकण लावलं.

“कुंडल गावात म्हस माजावर हाय, सर. तिला आजच पायजे. तुमचं पुढच्या शतकात बी चालंल.”

ज्या गारव्यापायी माझं सगळं अडलं होतं, तोच गारवा मोपेडला बांधून तो गेलासुद्धा.