बेरियम पिऊन खूश झालेला संपत

मरायच्या काही महिने आधी संपतला मिरजेच्या हॉस्पिटलात बेरियम पाजलं, आणि गडी खूश झाला.

अन्ननलिकेचा कॅन्सर. एक्स-रेत नळी नीट दिसावी म्हणून ते पांढरं, खडूसारखं औषध पाजतात.

मी बाहेर बसलेलो. आतून याचा आवाज.

"सिस्टर, ह्ये विरघळत न्हाई म्हणून चालतंय. विरघळणारं बेरियम विष असतं, ठावं हाय का?"

"सर, तुम्ही गप प्या बघू."

ओठावर पांढरी मिशी घेऊन बाहेर आला. "आयुष्यभर मोजलं गड्या, चव आज कळली."

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

संपत जतचा. घरी मेंढरं आणि पावसावरची ज्वारी. मी मलकापूरचा. पीएचडीला आम्ही रूममेट. त्याचा विषय अंदमानच्या ज्वालामुखीचा लाव्हा.

एकदा सुट्टीत त्याच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांनी, आप्पांनी विचारलं, "तू नेमकं करतूस काय रं?"

"आप्पा, तिकडं समुद्राचा तळ पृथ्वीच्या पोटात सरकतोय. शंभर किलोमीटर खाली त्याच्यातलं पाणी सुटून वरच्या तापलेल्या खडकात शिरतं. पाणी शिरलं की खडक लवकर वितळतो. त्योच वर आला की लाव्हा."

आप्पांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"हितं टँकर येईना, आन तिथं शंभर किलोमीटर खाली पाणी?"

संपतला भाकरीचा ठसका लागला.

तर, ते पाणी वर येताना काही मूलद्रव्यं सोबत आणतं. बेरियम त्यातलंच. संपतच्या लाव्हात ते अपेक्षेपेक्षा लय जास्त निघालं. त्याचं म्हणणं, समुद्रतळावरचा गाळसुद्धा खाली गेलाय, हे त्याचं बेरियम.

आमचे गाईड सर सांगलीचे, कडक.

"सॅम्पल contaminate झालंय, बाहेरचं काहीतरी मिसळलंय. हे आकडे थिसिसमधून काढ."

"सर, परत करून बघतो."

"वर्ष वाया जाईल."

"जाऊ द्या."

मी त्याला वेड्यात काढलं. फेलोशिप संपत आलेली, घरी लग्नाचं बघत होते, आणि हा पुन्हा पहिल्यापासून दगड फोडत बसला. आतले ताजे तुकडे घेतले, दळले, ॲसिडमध्ये विरघळवले. सोबत एक दुसरा दगडही तपासला, ज्यात काय किती आहे हे जगाला आधीच माहीत आहे. मशीन खोटं बोलतंय का ते कळावं म्हणून.

माहीत असलेल्या दगडाचे आकडे बरोबर आले.

लाव्हात बेरियम तेवढंच. जास्त.

संपत प्रिंटआउट घेऊन केबिनमध्ये गेला, मी दारात. सर कागद बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत बघितलं.

"माझं चुकलं. आज घरी जेवायला ये."

त्या दिवशी त्यानं एवढी बासुंदी खाल्ली की सरांच्या बायकोनं, मॅडमनी, शेवटी पातेलंच त्याच्यापुढं ठेवलं.

पुढं तो सांगलीत प्राध्यापक झाला. पोरांचा लाडका. मग हे दुखणं.

दहाव्याला सर जतला आले. आता काठी टेकत चालतात. आप्पांशेजारी बसले.

आप्पा म्हणाले, "आवं सर, पोरगं हुशार हुतं का वो माझं? खरं सांगा."

"आप्पा, त्यानं मला चुकीचं ठरवलं. माझ्या तोंडावर. एवढे विद्यार्थी झाले, ते त्या एकट्यालाच जमलं."

आप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"मला तर रोज ठरवायचा."

सर हसले. मग आप्पा हसले. मग संपतची बायको, आमच्या वहिनीसुद्धा.

संपत, लय आठवण येते गड्या.

मनापासून निरोप.