दहा पायऱ्या

मुक्ता, फोन जरा कानाजवळ धर. दुपार कलली तरी जेवली नाहीस? मोठी झालीस म्हणून तुझा आजार गेला काय गं?

सकाळी सुपासाठी कॉर्नफ्लॉवरचा डबा उघडला, त्याचा तो कोरा वास आला आणि मी त्या डोंगरावर पोचले. तू सहा वर्षांची होतीस. पाठीला सॅक लावून आपण सगळे महादेवाच्या देवळाकडं चढत होतो. तुझ्या अंगात साखर टिकत नसे, म्हणून दर तीन तासांनी ते पीठ पाण्यात कालवून पाजायचं. तुझी आई त्या कालवलेल्या पिठाची बाटली माझ्याकडं देऊन प्यायचं पाणी भरायला मागं थांबली.

"आजी, दे की."

"दहा पायऱ्या तर राहिल्यात. दर्शन झालं की पी. सोमवार हाय आज."

देवाआधी तोंड उष्टं करायचं नाही, ही आपली रीत. तू हट्टसुद्धा केला नाहीस. तिसऱ्या पायरीवर बसलीस. कपाळ गार, घामानं ओलं, आणि डोळे माझ्याकडंच लागलेले, पण मला ओळखत नव्हते. आईनं धावत येऊन तोंडात साखर चोळली. तू सावरलीस, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आई, बाटली तुमच्या हातातच होती की."

तेव्हा मला तिचा लई राग आला. आता वाटतं, ती किती कमी बोलली.

तुला यातलं काही आठवत नाही. मला ते डोळे अजून दिसतात.

जेव आता. आणि लवकर ये गं. तुझं ताट आधी वाढीन, नैवेद्य मागनं.