जुनी सही

त्या दुष्काळात ती आमच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहायची. कुणाला टँकर हवा असे, कुणाला आपल्या भागाचा वेगळा, नवा जिल्हा. पुरुष म्हणून जगत होती तेव्हा तिचं अक्षर ताठ, कागद फाडील असं होतं. साडी आली, डॉक्टरांची औषधं सुरू झाली, तसं ते गोल होत गेलं. वेलांटी काढताना ती स्वतःशीच हसायची.

एकदा नाव बदलायचा स्वतःचा अर्ज तिने माझ्या टेबलावर ठेवला. सही जुन्या कागदांशी जुळेना.

"जुन्यासारखी करा," मी म्हणालो.

तिने सात-आठदा करून पाहिली. "न्हाई जमत, साहेब. त्यो हात ऱ्हायला न्हाई आता."

मी अर्ज परत केला.

बाहेर एक म्हातारी अर्ज लिहून घ्यायला थांबली होती. "दुसऱ्याकडून घे, माय," म्हणत तिने आपलं पेन म्हातारीच्या निरक्षर हातात दिलं आणि कायमची उठून गेली.